कैदी वसाहतीचा खेळ कसा मांडावा

दूरच्या ग्रहावर कैद्यांची वसाहत आहे, परतीचं जहाज नाही, अन्न मोजकं आहे आणि चार-पाच मित्र टेबलाभोवती बसून तिची गोष्ट मिळून रचणार आहेत, असं ठरलं की बहुतेकांचा हात आधी कागद-पेन्सिलीकडे जातो. प्राणवायू किती दिवसांचा, पाणी किती, बियाणं किती, रोज किती खर्च. जगण्याचा खेळ म्हणजे जमाखर्चाचा खेळ ही समजूत कॉम्प्युटर गेममुळे रुजली आहे, आणि तिथे ती चुकीचीही नाही, कारण तिथला हिशेब यंत्र ठेवतं. टेबलावर तो आपल्याला ठेवावा लागतो, आणि तासाभरात गोष्ट मागे पडून नुसता तक्ता भरणं सुरू होतं. असा रोलप्लेइंग गेम पहिल्यांदा मांडणाऱ्यांना माझं सांगणं एकच आहे. कैदी वसाहतीत माणसाची झुंज निसर्गाशी असते त्याहून अधिक वाटपाशी असते. कोठाराची किल्ली कुणाकडे आहे, रात्रीच्या पहाऱ्यावर कोणाला नेमलं आहे, कुणाच्या शब्दावर कुणाच्या पाठीवर फटके बसतात, यावर तिथलं जगणं-मरणं ठरतं. खेळ तिथून सुरू करावा. भुकेला वेगळं आमंत्रण द्यावं लागत नाही.

या प्रकारातला माझ्या मते सर्वांत नेमका खेळ म्हणजे जेसन मॉर्निंगस्टार या अमेरिकी रचनाकाराचा ‘ड्युरन्स’. बुली पल्पिट गेम्सने तो 2012 मध्ये आणला. याच रचनाकाराचा त्याआधीचा ‘फियास्को’ हा खेळ अधिक गाजला, पण तो फसलेल्या गुन्ह्यांच्या विनोदी गोष्टींचा आहे. ‘ड्युरन्स’ची जातकुळी काळी आहे. तीन ते पाच खेळाडू, एका बैठकीत संपणारी गोष्ट आणि खेळ हाकणारा गेम मास्टर नाही. ग्रह परका आणि काळ पुढचा असला तरी आतला सांगाडा अठराव्या शतकातला आहे, इंग्लंडने आपले कैदी जहाजात भरून ऑस्ट्रेलियाला पाठवले त्या वसाहतींचा. हा खेळ हाती असेल तर उत्तम. नसेल तर त्यातली तीन-चार तत्त्वं घेऊन स्वतःचा खेळ उभा करता येतो. पुढचं मार्गदर्शन दोघांनाही चालेल असं आहे.

वाटपाचा मुद्दा हवेतून काढलेला नाही. सिडनीची पहिली दोन-तीन वर्षं पाहा. दर्यावर्दी कुकसोबत 1770 मध्ये बॉटनी बे पाहिलेल्या जोसेफ बँक्सने ती जागा वसाहतीला योग्य असल्याची ग्वाही पार्लमेंटच्या समितीपुढे दिली होती. पुढे अकरा जहाजांचा ताफा घेऊन गव्हर्नर आर्थर फिलिप जानेवारी 1788 मध्ये तिथे उतरला तेव्हा गोड्या पाण्याची वानवा आणि रेताड, दलदलीची जमीन समोर होती. काही दिवसांतच सगळा बाडबिस्तरा उत्तरेच्या बंदरात, आजच्या सिडनीच्या जागी, हलवावा लागला. पिकं साधेनात आणि पुरवठ्याची जहाजं येईनात. 1790 पर्यंत गव्हर्नरपासून कैद्यापर्यंत सगळ्यांचा शिधा सारखा झाला होता. गव्हर्नरकडे जेवायला येणाऱ्यांनी आपली भाकरी आपणच आणायची अशी पाळी आली. इथवर ही भुकेची गोष्ट आहे. पण त्या काळातले लक्षात राहणारे प्रसंग काढून पाहिले तर त्यातला जवळजवळ एकही नुसत्या भुकेचा नाही.

मार्च 1789 मध्ये कोठाराच्या कुलुपात एका सकाळी मोडलेल्या किल्लीचा तुकडा अडकलेला सापडला. तो लोहाराकडे नेला. लोहार स्वतः कैदी. त्याने तुकडा पाहताक्षणी ती किल्ली कोणत्या सैनिकाची आहे ते सांगितलं. तो सैनिक माफीचा साक्षीदार झाला, त्याने साथीदारांची नावं दिली आणि सहा सैनिक फासावर गेले. कैद्यांवर पहारा करायला आणलेले सैनिक कोठार फोडत होते, आणि त्यांच्या गळ्यापर्यंत दोर पोचला तो एका कैद्याच्या ओळखीने. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिलिपने चोऱ्या थांबवण्यासाठी बारा निवडक कैद्यांचा रात्रपहारा नेमला. पुढे या पहाऱ्याने एका सैनिकाला हटकलं, तेव्हा सैनिकांचा वरिष्ठ मेजर रॉस खवळला: कैद्याने सैनिकाला अडवायचं म्हणजे काय! चोऱ्या कमी झाल्या होत्या, तरी गव्हर्नरला आदेश मवाळ करावा लागला. आणि वसाहतीचा पहिला जल्लाद कोण? पीठ चोरल्याबद्दल फाशी सुनावलेला जेम्स फ्रीमन नावाचा कैदी. जल्लाद होशील तर जगशील, एवढाच सौदा होता. तो जगला. प्रत्येक ठिकाणी ताटातलं पीठ हे निमित्त आहे, आणि घडतं ते माणसांच्या उतरंडीत. खाली असलेला क्षणभर वर येतो, वरचा खाली घसरतो, कुणीतरी स्वतःचा जीव दुसऱ्याच्या मानेवर वाचवतो.

म्हणून ग्रहावर वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. एका कागदावर सरकारी सर्वेक्षणात असतील अशी आठ-दहा आश्वासनं लिहा: श्वास घेण्याजोगी हवा, सुपीक माती, सौम्य हिवाळा, पिण्याजोगं पाणी, खनिजं, वेळेवर येणारं जहाज. मग प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक खोडायचं आणि ते खोटं कसं निघालं ते एका वाक्यात सांगायचं. तीन-चार आश्वासनं उरली की थांबा. बॉटनी बेचा अख्खा अनुभव या छोट्या विधीत येतो आणि त्यासाठी कुणाला ग्रहविज्ञान यावं लागत नाही. हौशी विज्ञानकथाप्रेमी मंडळी इथे रेंगाळतात. गुरुत्वाकर्षण किती, तारा कोणत्या वर्गातला, यावर वाद रंगतो. तो रंगू द्यावा, पण खेळ संपल्यावर, चहासोबत.

खरा वेळ शिड्यांना द्या. दोन शिड्या आखायच्या, एक सत्तेची आणि दुसरी कैद्यांची, आणि दोन्हींना पायऱ्या. सत्तेच्या शिडीवर वर गव्हर्नर, मग लष्करी अधिकारी, डॉक्टर किंवा कोठारप्रमुख, आणि तळाला शिक्षेची मुदत संपलेला किंवा वशिल्याने मुकादम झालेला माणूस. कैद्यांच्या शिडीवर वर टोळीचा म्होरक्या आणि तळाला ज्याच्याशी कुणी बोलत नाही असा. ‘ड्युरन्स’ची सर्वांत हुशार युक्ती अशी की प्रत्येक खेळाडूकडे दोन पात्रं असतात, प्रत्येक शिडीवर एकेक. नियम साधा वाटतो, पण याने दोन रोग टळतात. कुणी सरसकट नायक होत नाही आणि कुणी सरसकट खलनायक. आणि जो आत्ता फटक्यांचा हुकूम देतो तोच पुढच्या प्रसंगात फटके खातो. मधल्या पायऱ्या मोकळ्या सोडू नका. जिथे कैदी आणि अधिकारी यांची सरमिसळ होते ती पायरी सर्वांत सुपीक असते. मराठी वाचकाला हे अंदमानवरून पटकन कळेल. तिथे जमादार, टंडेल, पेटी ऑफिसर, वॉर्डर हे सगळे कैद्यांमधूनच नेमलेले होते आणि बाकीच्या कैद्यांना दिवसभर तोंड द्यावं लागे ते त्यांना. ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या कुणालाही ही पायरी समजावून सांगावी लागणार नाही. तुमच्या ग्रहावरच्या हुद्द्यांना हीच नावं द्या. हॉलिवूडमधून आणलेल्या नावांपेक्षा ‘टंडेल’ या हाकेला टेबलावरची माणसं लवकर जागतात, आणि पात्रंही मग जॉन आणि मायकेल न राहता तुळसा आणि दळवी होतात.

यानंतर शपथ. प्रत्येक पात्राने एक गोष्ट कधीही करणार नाही असं ठरवायचं आणि ते सर्वांना दिसेल असं लिहून ठेवायचं. शपथ मोडली की त्या पात्राची गोष्ट संपली. मरेलच असं नाही. पण आता तो वेगळाच कुणी झाला. इथे नवखे खेळाडू हमखास मोठे शब्द वापरतात: मी कधीही अन्याय करणार नाही, मी कुणापुढे झुकणार नाही. अशी शपथ मोडली की नाही यावर वकिली सुरू होते आणि प्रसंग विझतो. शपथ ठोस हवी, आणि मोडायचा मोह होईल अशी हवी. ‘माझ्या जहाजातून आलेल्या कुणाचं नाव मी वर सांगणार नाही.’ ‘मी पुन्हा कुलूप उघडणार नाही.’ ‘मी हवाबंद कोठडीच्या हुकमावर सही करणार नाही’ असली चमत्कारिक शपथ घेऊ नका, कारण ती मोडायची वेळ आणण्यासाठी सगळ्यांना आधी एक विचित्र यंत्रणा रचावी लागेल. रोजच्या कामात जिचा काटा टोचेल तीच शपथ चांगली. आणि ती दुसऱ्याच्या शपथेला कुठेतरी घासली पाहिजे. घासत नसेल तर एक शब्द बदला.

आता प्रत्यक्ष खेळ. ज्याची पाळी तो एक प्रश्न मांडतो, दुसऱ्यांच्या पात्रांविषयी, आणि प्रसंग त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत चालतो. ‘आता पुढे काय होतं?’ हा प्रश्न नव्हे, ती जांभई आहे. प्रश्नात दोन माणसं आणि एक किंमत हवी. उदाहरण घ्या. घुमटाखालच्या वसाहतीत हवेचे फिल्टर कमी पडले आहेत. रात्रपहाऱ्यावर तुळसा आहे, कैद्यांमधून नेमलेली. तिने सार्जंट दळवीला कोठाराच्या मागच्या बोळात गाठलं आहे आणि त्याच्या जाकिटाखाली तीन फिल्टर आहेत. दळवी तुळसाच्याच जहाजातून आला होता. तेव्हा तो पहारेकरी होता आणि ती साखळीत. तिची शपथ: जहाजातल्या कुणाचं नाव वर सांगणार नाही. शपथ घेताना तिच्या मनात सोबतचे कैदी होते. प्रश्न असा: ‘तुळसा सकाळच्या हजेरीत दळवीचं नाव घेईल का?’ दोघं खेळाडू बोलतात. दळवी आधी गुरकावतो, मग आपल्या आजारी मुलीचं सांगतो. तुळसा विचारते की जहाजात तिने पाणी मागितलं होतं ती रात्र त्याला आठवते का. आता निकाल कुणाच्याही हातात नाही असं वाटलं की फासे टाका.

फासे तीन, वेगवेगळ्या रंगांचे. एक क्रौर्याचा, एक लाचारीचा, आणि तिसरा तुमच्या वसाहतीची जी मूळ ओढ तुम्ही सुरुवातीला ठरवली असेल तिचा. इथे समजा प्रतिष्ठा. ज्याचा आकडा मोठा, त्या वृत्तीने प्रसंग सुटतो. क्रौर्य वर आलं तर दळवीच्या बंदुकीचा दस्ता तुळसाच्या तोंडावर बसतो आणि सकाळी हजेरीत तिच्या जखमेचं कारण विचारलं जातं. प्रतिष्ठा आली तर तुळसा तिथेच आरोळी ठोकते, झोपड्यांतून माणसं बाहेर येतात आणि सार्जंट सगळ्यांसमोर जाकीट उघडून उभा राहतो. नाव ‘वर’ सांगितलं की नाही याचा निवाडा टेबलाने करावा. समजा लाचारीला पाच आले, बाकीच्यांना तीन आणि दोन. मग तुळसा एक फिल्टर स्वतःच्या खोपटात नेते, गप्प राहते, आणि उद्यापासून दळवी सांगेल तेव्हा बोळाचं दार उघडं असतं. शपथ शाबूत आहे. माणूस मात्र विकला गेला. पुढच्या पाळीला प्रश्न शोधावा लागणार नाही. फाशांकडून यश की अपयश हे विचारायचं नसतं हे इथे ध्यानात घ्या. जिंकलं कोण हे न सांगता ते कशाच्या जोरावर घडलं एवढंच फासे सांगतात, आणि बाकीचं बोलून भरायचं असतं.

पहिला आक्षेप हिशेबवाल्यांचा येईल. साठा मोजलाच नाही तर टंचाई खरी कशी वाटणार? आक्षेपात तथ्य आहे. टंचाई नुसती तोंडाने सांगितली तर ती पोकळ राहते. पण तिला खरं करायला पंचवीस ओळींचा तक्ता लागत नाही, एक आकडा पुरतो आणि तो सर्वांना दिसला पाहिजे. टेबलाच्या मध्यात वीस शेंगदाणे किंवा नाणी ठेवा. प्रत्येक फेरीनंतर चार उचला, आणि कमी उचलायचे असतील तर त्या फेरीत कोणाला मिळालं नाही ते नाव घेऊन सांगा. नाव घ्यावं लागतं म्हणून ते टोचतं. फिलिपच्या सारख्या शिध्याचंही तसंच झालं. अन्न पुरवण्याचा तो मार्ग होताच, पण कैद्याइतकंच पीठ मिळणाऱ्या सैनिकाला तो अपमान वाटला.

गेम मास्टर नसेल तर सगळा गोंधळ होईल, हा दुसरा आक्षेप. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये आला तेव्हापासून टेबलाच्या टोकाला एक जण गुपितं राखून बसलेला असतो आणि बाकीचे ती शोधतात, ही घडण इतकी मुरली आहे की ती म्हणजेच खेळ असं वाटू लागतं. चक्रव्यूह शोधायचा असेल तर त्याचा नकाशा कुणाकडे तरी हवाच. इथे मात्र गुपित नाही. शिड्या उघड्या आहेत, शपथा उघड्या आहेत, आणि कुणाची शपथ कधी मोडते हे कुणालाच आधी ठाऊक नाही. दिशा द्यायचं काम प्रश्न करतो. खरी अडचण निराळी आहे: चौघांत एक जण बोलका असतो आणि तो नकळत सगळ्यांचे प्रसंग हाकू लागतो. उतरंडीवरच्या खेळात टेबलावरच नवी उतरंड तयार होणं वाईट. उपाय व्यवहारी ठेवा. ज्याची पाळी आहे त्याने प्रश्न मांडल्यावर स्वतः शक्यतो त्या प्रसंगात उतरू नये, आणि ज्यांच्याविषयी प्रश्न आहे त्यांच्याशिवाय कुणी शेवटचा शब्द घेऊ नये.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आपल्याकडे उठणारच. काळ्या पाण्याच्या यातना म्हणजे काय करमणूक आहे? आणि खेळायचंच तर सरळ अंदमान का नको, ग्रहाचा मुखवटा कशाला? दोन्हींचं उत्तर एकच आहे. सरळ अंदमान खेळायला घेतलं तर टेबलावरच्या प्रत्येकाला वंदनीय कोण आणि अधम कोण हे आधीच माहीत असतं. तिथला जेलर बारी व्हायला कुणी पुढे येत नाही, किंवा येतो तो व्यंगचित्र करून टाकतो. आणि ज्यांचे फोटो आपल्या घरांत लागलेले आहेत त्यांच्या तोंडी आपली वाक्यं घालणं मलाही रुचत नाही. पण त्या वसाहतीत वंदनीय आणि अधम यांच्यामध्ये हजारो माणसं होती. 1858 मध्ये तिथे नेलेला दूधनाथ तिवारी पळाला, वर्षभर अंदमानी लोकांत राहिला, त्यांच्यात लग्न केलं, आणि 1859 मध्ये ते वसाहतीवर चालून जाणार असं कळल्यावर धावत येऊन इंग्रजांना खबर दिली. त्याला माफी मिळाली. हा माणूस समजून घ्यायचा तर पुतळ्यांपासून थोडं लांब जावं लागतं, आणि परका ग्रह ते अंतर देतो. यातना हा खेळाचा विषय करू नका, निवड हा करा. फटके बसले एवढं सांगून प्रसंग पुढे न्या, वर्णनात रमू नका.

दूधनाथवरून एक इशारा आला. सिडनी काय किंवा पोर्ट ब्लेअर काय, जागा रिकामी नव्हती. सिडनीच्या किनाऱ्यावर इओरा लोक होते आणि 1789 च्या देवीच्या साथीत त्यांच्यातले असंख्य मेले. विज्ञानकथेत ग्रह निर्जन ठरवून ही बाजू सहज गिळून टाकता येते. ग्रह निर्जन ठेवायचा तर ठेवा, पण तो तुम्ही ठरवून ठेवा, विसरून नको. मूळ रहिवासी असतील तर ते नुसता धोका किंवा नुसते साधुसंत होणार नाहीत एवढी काळजी घ्या, आणि निदान एक प्रश्न त्यांच्या बाजूचा येऊ द्या.

अभिनय येत नाही म्हणून पुष्कळ जण कचरतात. त्याची गरज नाही. ‘तुळसा खोटं बोलते, पण तिचा आवाज थरथरतो’ असं तिऱ्हाइतासारखं सांगितलं तरी पुरतं. उलट संवादफेक करणारा नटच कधीकधी प्रसंग लांबवतो. मात्र सुरुवातीला पाच मिनिटं काढून काय टेबलावर येणार नाही ते बोला. लैंगिक अत्याचार आणि लहान मुलांवरची क्रूरता बाजूला ठेवली तर या खेळाचं काहीही कमी होत नाही. मध्ये फुली मारलेलं एक कार्ड ठेवा. कुणीही त्याला बोट लावलं की तो तपशील कापून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. ही पद्धत एक्स-कार्ड नावाने जगभरच्या टेबलांवर रुळलेली आहे. कैदेच्या खेळात ती शोभेची राहत नाही.

शपथ मोडलेल्या पात्राला दोन-तीन वाक्यांचा निरोप द्या आणि त्या खेळाडूने उरलेल्या पात्रावर खेळ सुरू ठेवावा. तीनेक पात्रं अशी संपली, किंवा मधले शेंगदाणे संपले, की वसाहतीचं काय झालं हे प्रत्येकाने एका वाक्यात सांगून थांबा. वसाहत वाचली तर वाचली, बुडली तर बुडली. पहिल्या बैठकीला चौघं बसा आणि तीन तास मोकळे ठेवा. पाच जण असतील तर चार तास धरा. सहावा आला तर त्याच्यासाठी पात्र काढू नका; त्याला पुढच्या आठवड्यात बोलवा.